काही सांगता येत नाही, असं कधी सांगू नये

पुढच्या लोकसभेची तयारी आत्तापासून करा. मतदानाची नव्हे हो, निकाल बघण्याची. मत द्यायला फार तर अर्धा तास जातो. निकाल बघायचा तर आठवडाभराची शिदोरी लागते. आम्हा इंदूरकरांचा यात हात धरणारं कोणी नाही, कारण २०२४ मध्ये आमच्या मतदारसंघात बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माघारीच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि भाजपची वाट धरली. सुमित्राताई महाजन इथून आठ वेळा निवडून आल्या, पण समोर कोणीतरी असायचं. आपल्या मांडवात मुहूर्ताला नवरदेवच नाही म्हटल्यावर माणूस शेजारच्या वरातीत नाचायला मोकळा होतो.

तर, आधी एक्झिट पोल. १ जूनला संध्याकाळी साडेसहाला बंदी उठली आणि बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं. काहींची वरची हद्द तर चारशेला टेकली. अशा वेळी तुमचाही आकडा तयार हवा. राजवाड्यावर पोहेवाल्यानं ‘क्या लग रिया है भिया?’ विचारलं, की मान हलवत बसू नका. आकडा गोल मात्र नको. ३५० म्हटलं की अंदाज वाटतो, ३६७ म्हटलं की अभ्यास. वर ‘आमचे भावजी दिल्लीत असतात’ एवढं जोडा. ते तिथे बँकेत कॅशियर आहेत, हे कोणी विचारत नाही.

शेअर बाजाराचा विषय टाळा. ३ जूनला तो या अभ्यासावर उसळला आणि ४ जूनला सेन्सेक्स जवळजवळ ६ टक्के आपटला. शेजारच्या काकांकडे मी सहज चौकशी केली होती. तेव्हापासून आम्हाला आमचा पेपर विकत घ्यावा लागतो.

मोजणीच्या दिवशी पोहे-जिलबी आठच्या आत घरात हवी. आठला टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांची पाळी अर्ध्या तासानं. चॅनेलवाले मात्र पहिलं पाकीट धड उघडायच्या आत कल दाखवू लागतात. ते कल येतात कुठून, असं विचारणं सभ्यपणाचं नाही. सुरुवातीला वाराणसीत खुद्द मोदी सहा हजारांवर मतांनी मागे पडले, तेव्हा आमच्याकडे अर्धी खोली उभी राहिली होती, अर्धी टाळ्या पिटत होती. शेवटी ते दीड लाखावर मतांनी जिंकले. मधल्या मध्ये पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची बरणी सांडली, तेवढंच नुकसान.

खरी कसोटी दुपारी. भाजप २४० च्या आसपास अडकला, बहुमताला हवेत २७२. अशा वेळी कसलेला विश्लेषक मत बदलत नाही, फक्त क्रियापद बदलतो. ‘येणारच’चं ‘येणारच होते, पण’ होतं. या ‘पण’नंतर उन्हाळा, उमेदवार, उत्तर प्रदेश, काहीही चालतं. एका सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख त्या दिवशी स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर रडले. तुम्ही हे चुकूनही करू नका. अशानं लोकांना वाटतं, चूक आपलीही असू शकते.

निकाल लागला म्हणून टीव्ही बंद करणारे अडाणी. ९ जूनच्या शपथविधीपर्यंत पाच दिवस होते, आणि किल्ल्या तेलुगू देसमच्या १६ आणि जदयूच्या १२ खासदारांकडे. ५ तारखेला पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानात जदयूचे नितीशकुमार आणि विरोधी आघाडीतले तेजस्वी यादव एकत्र सापडले. एका फोटोत एक पुढे, एक मागे. दुसऱ्या फोटोत शेजारी शेजारी! मग काय, खिडकी कोणाकडे, मधला हात कोणी टेकवला, आम्ही घरीच चौकशी आयोग बसवला. बाबांच्या मते सरकार पडलं होतं, अजून झालंच नव्हतं तरी. त्याच दिवशी एनडीएच्या घटक पक्षांनी पाठिंब्याचं पत्र सह्या करून दिलं. पण पत्र काय, कोणालाही वाचता येतं.

हो, आमचं इंदूरही दिसलं. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत: भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी विजयी, दुसऱ्या क्रमांकावर नोटा, मतं २,१८,६७४. ‘यांपैकी कोणीही नको’ असं दोन लाखांवर माणसं उन्हात जाऊन सांगून आली होती. वर आठ चौकटींत आठ जण भांडत होते. त्यातल्या एकाचंही लक्ष तळाशी गेलं नाही.

आजीचं मात्र गेलं. चष्मा पुसत म्हणाली, “ही नोटा कोण रे बाबा? एवढी मतं घेतली, आता कोणाकडे जाणार?”

चार दिवसांच्या अभ्यासानं माझा आवाज चांगला तयार झाला होता. म्हटलं, “बाहेरून पाठिंबा देतेय.”