एकास दहा

आमच्या जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू गेले चौदा महिने जेवणाच्या उपयोगाची राहिलेली नाही. तेथे १९५० सालचा शेवरोलेट ३१०० हा पिकअप ट्रक उभा आहे. तो जेमतेम अर्धा मीटर लांब असून रिमोटवर चालतो, निदान चालावा अशी अपेक्षा आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश, म्हणजे या छंदातल्या लोकांच्या भाषेत ‘एकास दहा’ असे त्याचे प्रमाण आहे, आणि एकदा प्रमाण ठरले की ते सगळ्याच गोष्टींना सारखे लावावे, या सचोटीने मी त्याची किंमतही घरी एकास दहा याच प्रमाणात सांगितली होती.

ही गोष्ट फार दिवस झाकून राहिली नाही, कारण माझी बायको चार्टर्ड अकाउंटंट आहे. परदेशातून मागवलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, घेऊन आलेल्या कुरिअरवाल्याने दारातच सीमाशुल्क मागितले तेव्हा दार नेमके तिने उघडले होते. शुल्कच मुळी मी सांगितलेल्या किमतीहून जास्त होते. खोक्यावरचा आकडा, शुल्काचा आकडा आणि माझा चेहरा या तीन गोष्टी तिने एकमेकींशी ताडून पाहिल्या, पैसे दिले, पावती घेतली आणि ती आत निघून गेली. त्या रात्री मला भाजी मात्र एकास दहा प्रमाणात वाढण्यात आली.

दुसऱ्या दिवशी मी तिला या ट्रकची थोरवी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. इकडे आपला देश स्वातंत्र्याचे दिवस मोजत असताना तिकडे अमेरिकेत, जून १९४७ मध्ये, शेवरोलेटने युद्धानंतरचा आपला पहिला नव्या घाटाचा ट्रक बाजारात आणला. गोलसर खांदे, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी आणि हौशी गिऱ्हाइकासाठी केबिनच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत वळणदार काचा, असे त्याचे रूप होते. शिवाय हा काही आपल्याला परका नव्हे. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत आपल्या मुंबईत, शिवडीला होता आणि शेवरोलेटच्या गाड्या तेथे जोडल्या जात, तेव्हा एका अर्थाने ही गाडी शिवडीचीच म्हटली पाहिजे. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गाडी शिवडीची, तर मग सीमाशुल्क कशाचं?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी कामाला लागलो.

पहिले विघ्न अठरा मिलिमीटरचे होते. खऱ्या ३१०० च्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ११६ इंच आहे, म्हणजे एकास दहा प्रमाणात सुमारे २९५ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या या जातीच्या चासीमध्ये मात्र ते बहुधा ३१३ मिलिमीटर असते, आणि माझीही तशीच होती. समंजस माणसाने अठरा मिलिमीटरकडे दुर्लक्ष केले असते. पण मी एकदा मोजपट्टी लावून बसलो आणि मग मला मागचे चाक त्याच्या कमानीच्या मधोमध न बसता मागे सरकून बसलेले सतत दिसू लागले. ऑफिसच्या बैठकीतही दिसू लागले. शेवटी मी चासीच्या पोलादी पट्ट्यांना नवी भोके पाडून मागचा आस पुढे घेतला. तसा तो घेतल्यावर मोटरची फिरत मागच्या आसापर्यंत नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, लांब पडला. शाफ्ट कापला, तर तो चार मिलिमीटर जास्त कापला गेला. या सगळ्याला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात सासरेबुवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याकडे ठाण्याला आले.

सासरेबुवा एका कापडगिरणीत चौतीस वर्षे फिटर होते. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, वाचन आणि टीव्ही बंद होते, आणि समोर जावई भोके पाडत होता. माझ्या चौदा महिन्यांच्या साधनेतले सर्वांत कठीण पर्व येथून सुरू झाले. ते काही बोलत नसत, फक्त खुर्ची जवळ ओढून बसत. मी पान्याकडे हात नेला की घसा खाकरत, आणि मी दुसरा पाना उचलला की खाकरणे थांबे. अशा रीतीने निम्मी चासी मी त्यांच्या घशावर जोडली.

ट्रकचे नाव ऐकल्यावर मात्र ते बोलते झाले. लहानपणी कोल्हापूरला त्यांच्या घरासमोर गुळाची अडत होती आणि अडतीवर हीच गाडी होती. “तीच ती. दात विचकलेली,” असे ते समोरच्या जाळीवरून बोट फिरवत म्हणाले. “पण धक्का मारल्याशिवाय कधी सुरू झाली नाही. शेटजी आत स्टिअरिंग धरून बसायचे, आम्ही पोरं मागनं ढकलायचो. पेठेच्या टोकाला गेल्यावर सुरू व्हायची. मग शेटजी आम्हाला तिथंच सोडून निघून जायचे.” मग त्यांनी खाली वाकून चासी निरखली आणि विचारले, “जावईबापू, हिला पुढचा डिफरन्शियल कुठला?”

डिफरन्शियल म्हणजे आसावरच्या दोन चाकांना ओढ वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी. माझी चासी चारही चाकांनी ओढणारी आहे आणि अडतीवरची गाडी फक्त मागच्या चाकांनी ओढत असणार, हे उघड होते. मी त्यांना मिनिआपोलिसच्या नॅपको कंपनीची हकिकत सांगितली. साध्या ट्रकला चारचाकी ओढ देणारा संच ती कंपनी बनवत असे आणि १९५७ पासून तर खुद्द शेवरोलेट तो कारखान्यातच बसवून देऊ लागली. सासरेबुवांनी मान डोलावली. “असेल. गुळाच्या अडतीवर नव्हता,” एवढेच ते म्हणाले, आणि माझ्या ट्रकवर जन्मभराचा शिक्का बसला.

बॉडी मी त्रिमितीय छपाई करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून छापून घेतली. छपाईसाठी वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून करतात, हे मला पर्यावरणाच्या दृष्टीने फार आवडले होते. ते साधारण साठ अंशांना मऊ पडते, हे मला ठाऊक नव्हते. मे महिन्यात केबिन घरी आणताना वाटेत बँकेचे एक काम करून यावे म्हणून मी ती गाडीत, मागच्या काचेखाली ठेवली, आणि तासाभराने परत आलो तेव्हा केबिनचे छप्पर मधोमध खाली बसले होते. जड अंतःकरणाने मी ती टेबलावर आणून ठेवली. सासरेबुवांनी चष्मा वर करून पाहिले. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “अडतीवरच्या गाडीचंपण असंच झालं होतं. कुणीतरी टपावर ढेपी रचल्या होत्या.” दुसरी केबिन मी अधिक उष्णता सोसणाऱ्या एबीएस प्लास्टिकमध्ये छापून घेतली आणि ती रिक्षातून मांडीवर घेऊन आलो.

छापलेल्या बॉडीवर थरांच्या बारीक रेघा असतात आणि त्या घासून काढाव्या लागतात. आधी २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००, मग ८००, आणि तोही पाण्यात भिजवून. या कामाबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते मी पावसाळाभर केले.

खरी कसोटी ई-क्लिप नावाच्या वस्तूने घेतली. इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराची ही चिमुकली पोलादी चकती दांड्याच्या टोकावर दाबून बसवायची असते. ती बसताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि उडताना ‘टिंग’ असा. माझ्या घरात ‘टिक्’पेक्षा ‘टिंग’च जास्त ऐकू आले. उडालेली क्लिप कुठे जाते याचे शास्त्र अजून कोणाला उलगडलेले नाही. मी जमिनीवर पालथा पडून, लोहचुंबक फिरवत सोफ्याखाली शिरलो आणि त्यात तीन टाचण्या, एक चावी आणि दोन वर्षांपूर्वी हरवलेला नेलकटर एवढा ऐवज हाती आला. क्लिप आली नाही. ती आठवड्याने सासूबाईंना मटकी निवडताना सापडली. “अहो, बघा हा कसला खडा निघाला,” म्हणून त्यांनी ती सासरेबुवांपुढे धरली. सासरेबुवांनी ती बोटांत घेतली, दांड्यापाशी नेली, आणि काळ्या चष्म्यातून काहीही दिसत नसताना ‘टिक्’ करून बसवली.

विजेच्या भागात मी एकच चूक केली, पण ती मन लावून केली. पुढची चाके वळवणारी सर्व्हो मोटर आधी वीज देऊन मध्यावर आणायची असते आणि मगच तिच्यावर वळवणारा दांडा बसवायचा असतो. मी दांडा आधी बसवला. परिणामी माझा ट्रक काही दिवस फक्त डावीकडे वळत असे. उजवीकडे जायचे झाल्यास पाऊण प्रदक्षिणा घालावी लागे. बॅटरी लिथियम-पॉलिमरची, दोन सेलची, ७.४ व्होल्टची आहे. ती नीट न हाताळल्यास पेट घेऊ शकते म्हणून चार्ज करताना मातीच्या भांड्यात ठेवावी, असा सल्ला मला मिळाला होता. तो पाळण्यासाठी मी कुंभाराकडून एक मडके आणले. पांढरा झब्बा घातलेल्या आणि हातात मडके धरून गंभीर चेहऱ्याने जिना चढणाऱ्या मला पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या काकू चपला काढून बाजूला उभ्या राहिल्या. घरी सासरेबुवा सुखरूप आहेत, हे त्यांना पटवायला बराच वेळ लागला.

मग गंज. या छंदात नव्या कोऱ्या ट्रकला कोणी मान देत नाही. तो शेतावर तीस वर्षे राबलेला दिसला पाहिजे. त्यासाठी मिठाची एक युक्ती आहे. बॉडीला आधी तपकिरी रंग द्यायचा, तो वाळला की पाणी शिंपडून जागोजागी खडेमीठ चिकटवायचे, त्यावर वरचा रंग फवारायचा आणि तो सुकल्यावर मीठ खरवडून काढायचे, म्हणजे रंगाचे पोपडे उडून आतला गंज उघडा पडल्यासारखा दिसतो. वरचा रंग मी त्या काळच्या शेवरोलेट ट्रकांचा ठरलेला गर्द हिरवा निवडला. ज्या ठाण्यात जून ते सप्टेंबर खिडकीच्या गजांवर गंज फुकट चढतो, तेथे मी तो चार बाटल्यांच्या रूपाने विकत आणला आणि शून्य नंबरच्या कुंचल्याने मडगार्डच्या कडांना लावत बसलो. त्याच वेळी सोसायटीचे सचिव गच्चीवरच्या टाकीच्या शिडीचा गंज काढण्याची वर्गणी मागायला आले. त्यांनी माझ्या हातातल्या बाटलीवरचे नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि वर्गणीचे पुस्तक न उघडताच बायकोशी हलक्या आवाजात काही बोलून ते निघून गेले.

सगळे जोडून झाल्यावर मी ट्रक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. वजन दोन किलो नऊशे ग्रॅम भरले आणि माझा धीर खचला. लांबी, रुंदी आणि उंची एक दशांश झाल्या की वजन एक सहस्रांश व्हायला हवे. खरा ट्रक सुमारे दीड टनाचा, तेव्हा माझा दीड किलोचा हवा होता; वरचे चौदाशे ग्रॅम म्हणजे खऱ्या गाडीवर चौदाशे किलो. मी सासरेबुवांना म्हणालो, “ही अर्धा टन माल वाहणारी गाडी. अर्धा टन गूळ भरलाय असं धरलं तरी नऊशे किलोंचा हिशेब लागत नाही.”

“अर्धा टन कंपनीच्या पाटीवर असतो हो,” ते म्हणाले. “शेटजी दीड टन भरायचे.”

हिशेब जवळजवळ लागला.

पहिल्या फेरीचा मुहूर्त रविवारी सकाळी होता. निघण्यापूर्वी सासरेबुवांनी एकच प्रश्न विचारला. मोटरच्या दांड्यावर पिनियन हे छोटे दातेरी चाक बसते आणि ते एका बिनडोक्याच्या स्क्रूने आवळलेले असते. हादऱ्यांनी तो सैल होऊ नये म्हणून त्याच्या आट्यांना एक निळा द्रव लावायचा असतो. “त्याला ते निळं लावलंत का?” मी हो म्हणालो. ती बाटली अद्याप फोडलेली नाही, हे मला त्या क्षणी आठवले होते. पण खाली मुले जमली होती, सचिव उभे होते, आणि बिनडोक्याचे एकटे ते स्क्रूच असतात असे नाही.

फाटकापासून ट्रक सुटला तो दिमाखात. वाहनतळाच्या मधून, सचिवांच्या स्कूटरला वळसा घालून, उजवीकडेही व्यवस्थित वळून तो लिफ्टपासून वीसेक पावलांवर आला, आणि तेथे मोटर जोरात गुणगुणत राहिली आणि ट्रक उभा राहिला. मी रिमोटचा खटका आणखी दाबला. गुणगुण वाढली. एका मुलाने विचारले, “काका, हा विचार करतोय का?”

सासरेबुवा पुढे आले. काळा चष्मा सावरत, एक हात गुडघ्यावर ठेवून ते सावकाश खाली वाकले आणि त्यांनी मागच्या फळीला एक बोट लावले. निळ्या बाटलीविषयी ते चकार शब्द बोलले नाहीत. “अशीच होती ती,” एवढेच म्हणाले, आणि ट्रक ढकलत लिफ्टच्या दिशेने निघाले. पुढची चाके मात्र अजून माझ्या ताब्यात होती. मी रिमोट दोन्ही हातांनी धरला आणि स्टिअरिंग सांभाळत त्यांच्या मागून चालू लागलो.