‘बायोटेकवाले नुसते पेपर छापतात’ म्हणे!

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचा मथितार्थ असा: विद्यापीठांतले बायोटेकवाले सरकारी पैशावर पेपर छापतात, औषधं शोधतात त्या कंपन्या, आणि भारतात तर याला एकही अपवाद नाही.

कंपन्याच शोधतात? इन्सुलिन 1921 साली टोरोंटो विद्यापीठात सापडलं. कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कारिको आणि वाइसमन यांनी 2005 मध्ये घातला, तोही पेपर छापूनच. (त्याआधी याच विद्यापीठाने कारिकोबाईंची पदावनती केली होती. तेव्हा विद्यापीठांची आरती ओवाळायचीही गरज नाही.)

आता भारतातलं उदाहरण. त्यासाठी पवईपर्यंत गेलं तरी पुरे. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत नवा जनुक घालायचा, म्हणजे या टी-पेशी कॅन्सरग्रस्त बी-पेशींवरची (याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशीच) सीडी19 ही खूण ओळखून त्यांना मारतात. मग वाढवून परत रुग्णाला द्यायच्या. याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने अशी देशी थेरपी घडवली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ती रुग्णांवर तपासली. पहिला रुग्ण जून 2021 मध्ये, खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच केंद्रात. ऑक्टोबर 2023 मध्ये या थेरपीला ‘नेक्सकार19’ नावाने सरकारी मंजुरी मिळाली. चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला, आणि हे ते रुग्ण होते ज्यांचा आजार आधीच्या उपचारांनंतर उलटला होता किंवा त्यांना दाद देत नव्हता.

मेसेजात अर्धं सत्य आहे, ते मान्य. उत्पादन आणि वितरणाला कंपनी लागतेच; इथेही इम्युनोॲक्ट आहे. पण ती आयआयटीतच जन्मली. आणि कार-टीची मूळ कल्पना 1989 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मांडली गेली, अमेरिकेत पहिली मंजुरी आली 2017 ला. अठ्ठावीस वर्षं कळ काढणारा भागधारक कुणी पाहिलाय का?

‘सामान्यांना काय फायदा?’ हा मेसेजातला शेवटचा टोला. अमेरिकेतल्या त्या पहिल्या उपचाराची किंमत सुरुवातीला 4,75,000 डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे तीन कोटी रुपये. इथे खर्च चाळीस लाखांच्या आसपास येतो. तोही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचाच, यावर वाद नाही. शिवाय हा उपचार फक्त बी-पेशींच्या काही रक्तकर्करोगांपुरता आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या गाठींवर कार-टीचा अजून म्हणावा तसा इलाज झालेला नाही, आणि त्यामागे लागलेल्यांत पुन्हा विद्यापीठांतलीच बरीच माणसं आहेत.