पाच हिरवे कागद आणि एक गोटा झालेला टायर

१४ महिन्यांत पाच वेळा व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल जुळवून, घेतल्यानंतरही गाडीचा पुढचा डावा टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजतो, आणि पाचही वेळा पैसे मोजून घेणारे दुकानदार त्या टायरकडे एक ओझरती नजर टाकून ‘रस्तेच खराब आहेत, साहेब’ एवढे बोलून मोकळे होतात, तेव्हा माणसाने संताप गिळायचा तरी किती? रस्ते खराब आहेत हे मला शिकवण्याची गरज नाही. आईवडील चिपळूणला असल्यामुळे दर महिन्याला पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागणे माझ्या नशिबी आहे, आणि त्या महामार्गाचे खड्डे मला माझ्या सोसायटीच्या पायऱ्यांइतके पाठ आहेत. परंतु खड्ड्यात आपटलेल्या गाडीचे अलाइनमेंट आपोआप हवेत विरून जात नाही. काहीतरी वाकते, फाटते, झिजते किंवा जागेवरून सरकते, म्हणूनच चाकाची दिशा बदलते. ते काहीतरी शोधण्याचे कष्ट तीन दुकानांपैकी एकानेही घेतले नाहीत, हे माझ्या रागाचे कारण आहे.

या दुकानांतला प्रयोग आता मला तोंडपाठ झाला आहे. गाडी रॅम्पवर चढते, चारही चाकांना टार्गेट, म्हणजे यंत्राला चाकाचे कोन दाखवणाऱ्या पाट्या, अडकवली जातात, गाडी वीतभर मागेपुढे ढकलली जाते आणि पडद्यावर लाल-हिरवे चौकोन उमटतात. मग एक मुलगा खाली वाकून टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा, लॉकनट सैल करतो, पान्याने रॉड किंचित फिरवतो, मान बाहेर काढून पडद्याकडे पाहतो आणि पुन्हा वाकतो. चौकोन हिरवा झाला की नट आवळून प्रिंटआउट काढायला जातो. सगळा मामला २० मिनिटांत आटोपतो. त्याआधी टायरमधली हवा कोणी तपासत नाही. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर ३३ पीएसआय लिहिलेले असताना एका चाकात २७ होती, म्हणजे गाडी मुळातच एका कोपऱ्यात खचलेली होती आणि तशाच अवस्थेत तिचे माप घेतले गेले. तिसऱ्या वेळी तर पडद्यावर माझ्याच गाडीचे डिझेल मॉडेल निवडलेले दिसले. माझी गाडी पेट्रोलची आहे हे मी सांगितल्यावर ‘त्याने काही फरक पडत नाही’ असे उत्तर मिळाले. स्टिअरिंग सरळ पकडून ठेवणारा क्लॅम्प भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता आणि ‘साहेब, जरा सरळ धरून बसा’ म्हणत ते काम माझ्यावर सोपवले होते. माझे ८२ किलो वजन ड्रायव्हरच्या बाजूला ठेवून घेतलेल्या त्या मापाचे मी वर ७०० रुपये दिले.

माझ्या गाडीसारख्या बहुतेक लहान गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा फक्त टो, म्हणजे वरून पाहिले असता चाके एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर फाकलेली आहेत तेवढेच, फिरवून बसवता येतो. चाक आतबाहेर किती कलले आहे तो कॅम्बर, आणि चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागेपुढे कल म्हणजे कॅस्टर, हे दोन्ही बदलण्याची सोय कारखान्याने ठेवलेलीच नसते. मागचा ॲक्सल तर एकसंध बीम असतो. म्हणजे कॅम्बरचा चौकोन लाल दिसला, तर कोणता तरी भाग बिघडला आहे, हे पडदाच ओरडून सांगत असतो. आमच्या दुकानांत मात्र त्या लाल चौकोनाचे भाषांतर ‘हे सेटिंग आपल्या गाडीत येत नाही’ असे केले जाते आणि कागद घडी घालून हातात दिला जातो.

टो चुकला तर काय होते, याचा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. एका अंशाची ६० मिनिटे. त्यांतली २० मिनिटे जरी चाक तिरके असले, तरी ते प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे सहा मीटर आडवे फरफटले जाते. माझ्या चिपळूणच्या एका फेरीत जाऊन-येऊन ४०० किलोमीटर धरले, तर तो टायर दोन किलोमीटरहून अधिक अंतर आडवा घासत गेला असे म्हणावे लागते. आधीचा संच ४५,००० किलोमीटर चालला होता आणि नवा डावा टायर ११,००० किलोमीटरमध्ये गोटा झाला, यात आश्चर्य ते काय?

आणि टायर तर सगळे सांगतच होता. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त होती, जागोजागी खोलगट चट्टे पडले तर शॉकअप गेले किंवा बॅलन्सिंग बिघडले, ही बाराखडी पंक्चरवाल्यालाही येते. माझ्या टायरवर तळवा आतून बाहेर फिरवला की तो गुळगुळीत सरकायचा आणि बाहेरून आत फिरवला की रबराच्या कडा करवतीसारख्या बोटांना लागायच्या. हा सरळसरळ टो चुकल्याचा मार होता. शिवाय, साध्या रस्त्यावर गाडी सरळ जाते, पण ब्रेक दाबला की डावीकडे ओढते आणि खडबडीत रस्त्यावर डाव्या बाजूने ठकठक असा आवाज येतो, हे मी प्रत्येक ठिकाणी न चुकता सांगत होतो. एवढी लक्षणे ऐकवल्यावर डॉक्टरने निदान पोटावर हात ठेवून पाहिला असता. येथे मला ‘चारही टायर नवे टाका, ओढणे बंद होईल’ असा सल्ला मिळाला. मी दोन टाकले, ९,६०० रुपयांचे. (टायरच ओढत असेल अशी शंका होती, तर पुढचे दोन टायर डावे-उजवे करून ओढ बाजू बदलते का, हे दहा मिनिटांत कळले असते. पण अदलाबदलीत टायर विकला जात नाही.)

चौथ्या दुकानभेटीत तर कळसच झाला. कॅम्बर लाल आहे हे मीच बोटाने दाखवल्यावर मालकाने ‘कॅम्बर करेक्शन’ सुचवले. म्हणजे हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटचा, म्हणजे चाक उभे धरणाऱ्या शॉकअपच्या खांबाचा, धडधाकट भाग दाबून वाकवायचा, जेणेकरून आकडा हिरवा होईल. दुसरीकडे कुठेतरी झिजलेल्या भागाची चूक झाकण्यासाठी चांगला भाग जबरदस्तीने वाकवायचा, आणि त्या उद्योगाला करेक्शन म्हणायचे! मी गाडी रॅम्पवरून खाली घेतली तेव्हा मालकाच्या चेहऱ्यावर मी कोणी भांडखोर गिऱ्हाईक असल्याचा भाव होता, आणि तो चुकीचा नव्हता.

पाचव्या अलाइनमेंटनंतर महिन्याभराने चिपळूणला वडिलांच्या ओळखीच्या एका वयस्क मेकॅनिककडे गेलो. त्यांच्याकडे पडदा नाही, टार्गेट नाहीत, रॅम्पही नाही. एक खड्डा आणि एक लोखंडी पहार आहे. त्यांनी माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, खड्ड्यात उतरले, आणि डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या भुजेच्या, मागच्या बुशपाशी (सांध्यातल्या रबरी अस्तरापाशी) पहार टेकवून एक हिसका दिला. अख्खा आर्म बोटभर मागे गेला. ‘खाली या, बघा,’ असे म्हणून त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला, तेव्हा बुशचे रबर अर्ध्या वर्तुळात फाटून धातूच्या कवचापासून सुटलेले स्पष्ट दिसले. गाडी रॅम्पवर स्थिर उभी असताना तो आर्म आपल्या जागी निमूट बसून राहायचा आणि टो बरोबर यायचा. रस्त्यावर ब्रेक दाबताच चाक मागे रेटले जायचे आणि बाहेर फाकायचे. पाच वेळा उभ्या गाडीचे माप घेतले गेले आणि बिघाड चालत्या गाडीत होता. पहारीच्या त्या हिसक्याला अर्धे मिनिटही लागले नसेल.

त्यांनी दोन्ही बाजूंचे आर्म बदलले, आणि मला विशेष वाटले ते हे, की बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पक्के आवळले नाहीत. गाडी चाकांवर टेकवून, तिचा भार बसल्यावर मगच शेवटचा पिळा दिला. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते, असे ते बोलता बोलता म्हणाले. मजुरीसह ५,४०० रुपये झाले. त्यानंतर पुण्यात चौथ्याच एका दुकानात अलाइनमेंट करून घेतले, हवा स्वतः आधी भरून आणि मॉडेल पडद्यावर स्वतः वाचून. आता ३,००० किलोमीटर झाले आहेत आणि तळवा दोन्ही बाजूंनी गुळगुळीत फिरतो.

जुना टायर डिकीत घालून मी परवा मुद्दाम त्या पाचव्या पावतीच्या दुकानात गेलो. तारा दिसणारी कड वर करून तो टायर काउंटरसमोर ठेवला, शेजारी प्रिंटआउट ठेवले आणि फाटलेल्या बुशची हकीकत सांगितली. मालकांनी टायरला हात लावला नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद उजेडाकडे धरला, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि म्हणाले, ‘यात तर सगळे हिरवेच आहे.’