खाडी दिसते, ऊन फुकट

फ्लॅट दाखवताना त्या विक्रीवाल्या मुलाने पडदा असा काही सर्रकन ओढला, की मला वाटलं आता नांदीच सुरू होणार. "सर, वेस्ट ओपन! क्रीक व्ह्यू! फ्लेमिंगो दिसतात घरातून!" डिसेंबर महिना, सकाळचे अकरा. दोन इमारतींच्या फटीतून ठाणे खाडीचा वडीएवढा तुकडा चमकत होता. हिने माझ्याकडे पाहिलं, मी खाडीकडे पाहिलं, आणि त्या वडीचे स्क्वेअर फुटामागे वेगळे पैसे मोजून आम्ही नेरुळकर झालो.

फ्लॅट बघायला लोकांना सकाळी अकरालाच का बोलावतात, ते एप्रिलात कळलं.

दुपारी तीनला सूर्य खिडकीतून आत आला आणि सहापर्यंत उठायचं नाव घेईना. सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला बसायची कोणाची टाप नव्हती. टीव्हीच्या पडद्यावर मालिकेऐवजी माझाच घामेजलेला चेहरा दिसायचा. (हिच्या मते मालिकेपेक्षा बरा. पण हे तिने एकदाच म्हटलं.)

खिडकीवर छज्जा आहे. नाही असं नाही. मेच्या मध्याला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली गडप होते, तेव्हा तो छज्जा आपलं काम चोख करतो. पण पश्चिमेचं ऊन वरून येतच नाही. ते समोरून, वसुलीला आल्यासारखं येतं. त्याला छज्ज्याने अडवायचं, तर छज्जा पार पामबीच रोडपर्यंत काढावा लागेल.

मग मी उपाय सुरू केले. आधी काचेला काळी फिल्म लावली. पंधरा दिवसांत तिला उडदाच्या पापडासारखे फोड आले. मग मरून रंगाचा जाडजूड पडदा आणला. खोलीत अंधार झाला, उकाडा तसाच राहिला, फक्त आता तो दिसत नव्हता. मग वाळ्याचा पडदा! नागपूरच्या आत्याकडे लहानपणी त्या पडद्यामागे दुपारी गारेगार झोप लागायची, हे डोक्यात पक्कं होतं. इथे मी त्यावर बादलीभर पाणी मारलं. नागपूरची कोरडी हवा ते पाणी पिऊन टाकते, म्हणून गारवा येतो. नेरुळची हवा आधीच पोटभर पाणी प्यालेली. पाणी सुकेना, पडदा गार होईना. एवढंच झालं, की घामाला वाळ्याचा सुगंध आला.

शेवटी एसी घेतला, दीड टनाचा. 2020 पासून नवे एसी मुळातच चोवीसवर लावून येतात. आमचाही तसाच आला. आकडा चोवीस आणि मी घामाघूम! मी तो अठरावर नेला. पाय गारठले, डावा गाल तापलेलाच. कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो सकाळी आला आणि "मस्त कूलिंग आहे की, साहेब" म्हणून गेला.

आमचे साडू इमारतींच्या एसीचीच कामं करतात. ते एका रविवारी पिस्तुलासारखं तापमापक घेऊन आले. चहा येईपर्यंत त्यांनी घरातल्या प्रत्येक वस्तूवर नेम धरला. भिंत एकतीस. काच त्रेचाळीस. मरून पडदा त्याहून वर. मग माझं कपाळ.

"हवा गारच आहे हो," ते म्हणाले. "पण अंगाला नुसती हवा कळत नाही. शेकोटीपुढे बसलं की थंडीतही तोंड भाजतं ना? ही काच म्हणजे तुमची शेकोटी."

"पण पडदा लावलाय की!"

"पडदा काचेच्या आत आहे. ऊन काचेतून आलं, पडदा तापला, आता तो घरच तापवणार. ऊन काचेतून आत येतं. पण तापलेल्या सोफ्यातून जी धग निघते, तिला काच बाहेर जाऊ देत नाही. अभिमन्यू आहे तो, शिरणार, पण परतणार नाही. चार वाजता तुमच्या या सहा बाय चारच्या खिडकीतून येणारी उष्णता म्हणजे अख्खी दुपारभर इस्त्री चालू ठेवल्यासारखं आहे."

मी म्हटलं, मग विटा लावून बुजवूनच टाकतो. तर तेही जमेना, कारण समुद्राकडचा वारा दुपारी सुटतो तोही पश्चिमेकडूनच! ज्या दारातून सावकार येतो, त्याच दारातून लक्ष्मी. त्यात खिडकी सरकत्या पल्ल्यांची. एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन लपतो. म्हणजे ऊन अख्ख्या खिडकीतून, वारा अर्ध्या. साडूंनी जाता जाता ऐकवलंच, की 2018 च्या इको निवास संहितेप्रमाणे, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी नियमावलीप्रमाणे, आपल्यासारख्या उष्ण-दमट भागात बाहेर उघडणारी जागा चटईक्षेत्राच्या एकषष्ठांश तरी असावी. मी चटईवर बसून हिशेब केला आणि आणखी घाम आला.

मेमध्ये आई चिपळूणहून आली. तिने पडदा बाजूला केला, काचेला हात लावला, चटकन मागे घेतला. "अरे, ऊन भिंतीपर्यंत येऊच कशाला द्यायचं? आपल्या घराला पडवी काय शोभेला होती?" ती पडवी इतकी उतरती, की वाकून आत शिरावं लागे. आम्ही पोरं रोज डोकं आपटायचो आणि कपाळाला हळद लावून घ्यायचो. भिंतीने मात्र कधी ऊन पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीबाहेरच्या जाळीला बांबूची चटई बांधली. तिसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली. इमारतीच्या दर्शनी भागाची एकसमानता भंगली म्हणे. मी सेक्रेटरींना अभिमन्यू, शेकोटी, इस्त्री सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम. जाळीला फक्त कपडे वाळत घालता येतात."

हे आईने ऐकलं.

तेव्हापासून आमच्याकडे रोज अडीच वाजता दोन डबल चादरी वाळत पडतात. खाली वीतभर फट सोडून, चिमटे लावून. मागे पल्ला उघडा. चादरी शिडासारख्या फुगतात, खालून वारा आत येतो, आणि सोफ्याच्या त्या टोकाला आता आई पोथी घेऊन बसते. सूर्य कलला की चादरी घडी करून कपाटात. एसी सत्तावीसवर असतो, बऱ्याचदा बंदच. खाडी मात्र दिसत नाही. तिचे हप्ते अजून चालू आहेत.

समोरच्या काकू हिला परवा म्हणाल्या, "किती ग बाई स्वच्छता तुमच्याकडे! रोज चादरी धुता?"

काल संध्याकाळी खालून वर बघितलं, तर चौथ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या खिडकीतही तीन चादरी. कोरड्याच असाव्यात. एक थेंब ठिबकत नव्हता.