गाठ सुटली की अशुभ? कोणी सांगितलं?

लग्नसराई आली की हा मेसेज हटकून फिरतो: 'जगातल्या प्रत्येक संस्कृतीत गाठ शुभ. अलेक्झांडरची गाठ निष्ठेची, इंकांची प्रार्थनेची, चीन-जपानची प्रेमाची. गाठ सुटणं मात्र सगळीकडे अशुभ!'

मुळात ती गाठ अलेक्झांडरची नव्हेच. फ्रिजियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) गॉर्डियम गावी एका जुन्या गाड्याचं जू दांडीला बांधलं होतं, त्याची ती गाठ. जो सोडवेल तो आशियाचा धनी, अशी भविष्यवाणी. म्हणजे सगळी मातब्बरी सुटण्यालाच! इ.स.पू. ३३३ मध्ये अलेक्झांडरने ती तलवारीने तोडली, असं सांगतात. त्याच्यासोबत असलेला अ‍ॅरिस्टोब्युलस मात्र म्हणतो, त्याने नुसती खुंटी उपसली.

दक्षिण अमेरिकेतल्या इंकांच्या किपूचं, म्हणजे गाठी मारून नोंदी ठेवायच्या दोऱ्यांचं, जेवढं वाचता आलंय, तो बहुतांश हिशेब आहे. संशोधक लेलंड लॉक यांनी १९१२ मध्ये त्याची दशमान पद्धत उलगडली. दोरीच्या टोकाशी एकक, त्यावर दशक, मग शतक. एककाच्या जागी पाच वेढ्यांची लांबट गाठ म्हणजे ५. शून्यासाठी गाठच नाही, जागा मोकळी. प्रार्थना कुठून आली, देव जाणे.

जपानची गंमत वेगळीच. पाकिटावरच्या मिझुहिकी दोऱ्याची न सुटणारी गाठ लग्नाच्या आहेराला असते आणि मयताच्या घरी द्यायच्या पाकिटालाही. रंग तेवढे बदलतात. दोन्ही प्रसंग पुन्हा येऊ नयेत म्हणून. बाळ जन्मलं तर सहज सुटणारी, कारण ते पुन्हा झालं तर आनंदच.

'प्रत्येक संस्कृतीत शुभ'? रोममध्ये ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याच्या अंगावर एकही गाठ चालत नसे. कुराणातल्या सूरह फलकमध्ये गाठींवर फुंकर घालणाऱ्यांपासून संरक्षण मागितलंय. ती जादूटोण्याची गाठ.

आणि लांब कशाला जायचं? आपल्याच लग्नात हळकुंडाचं कंकण बांधतात ते पुढे सोडण्यासाठीच. नवरदेवाने एका हाताने सोडायचं, आणि करवल्यांनी ती निरगाठ आधीच ओढून ठेवलेली! तिथे कोणी अशुभ म्हणत नाही, हसून हसून पोट दुखतं. मुंडकोपनिषदात तर हृदयाची गाठ तुटणं हेच ज्ञान झाल्याचं लक्षण.

राहता राहिला चीन. तिथे मात्र मेसेजचं खरं आहे. एकमेकांत गुंतलेल्या फासांची प्रेमाची गाठ तिथे आहेच.