धुऱ्यावरचा हिरवा दगड आणि बर्नालाइट: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याचं उत्तर

विदर्भातल्या गावागावांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरणारा मेसेज थोडक्यात असा: "वावरात, नाल्यात, धुऱ्यावर हिरवा जड दगड दिसला तर फेकू नका. तो बर्नालाइट आहे, लोखंडाचं अतिदुर्मीळ हायड्रॉक्साइड. गंज आणि हे एकच, फक्त हे शुद्ध. चुंबक लावा, ओढला तर खरा. चुलीत टाका, लाल झाला तर शंभर टक्के खरा. गडचिरोलीत लोखंड आहे म्हणूनच आपल्याकडे सापडतो. किलोला लाखो रुपये भाव. तपासणी फी भरा, नमुना पाठवा."

बर्नालाइट नावाचं खनिज खरोखर आहे, म्हणून मेसेजवर विश्वास बसतो. त्याचं वर्णन 1993 साली प्रसिद्ध झालं. नमुना ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या ब्रोकन हिलचा होता. नाव दिलं ते जॉन डेस्मंड बर्नाल (1901–1971) या स्फटिकशास्त्रज्ञाचं, कारण त्यांनी लोखंडाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडांच्या रचनेवर काम केलं होतं. रंग बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा, चकाकी काचेसारखी ते हिऱ्यासारखी, कस (घासल्यावर उमटणाऱ्या पुडीचा रंग) सफरचंदी हिरवा, काठिण्य (ओरखड्याला टिकण्याची ताकद, 1 ते 10 च्या मापावर) 4, विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) 3.32. असं खनिज आहे, ते हिरवं आणि दुर्मीळ आहे, मेसेजमधली एवढीच गोष्ट बरोबर आहे. पुढचं एकेक पाहू.

"गंज आणि बर्नालाइट एकच." शाळेच्या वहीत फेरिक हायड्रॉक्साइडचं सूत्र Fe(OH)₃ लिहितात आणि बर्नालाइटचंही तेच आहे. घोळ इथूनच सुरू होतो. खनिजाची जात नुसत्या सूत्रावर ठरत नाही. सूत्र आणि अणूंची मांडणी दोन्ही जुळावी लागतात. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात अमोनिया टाकला की तपकिरी लिबलिबीत साका बसतो. जुनी पुस्तकं त्याला फेरिक हायड्रॉक्साइड म्हणत, पण तो असतो फेरिहायड्राइट, ज्याचे कण जेमतेम काही नॅनोमीटरचे असतात. बोअरच्या पाइपात साचणारा लालसर गाळही बहुतेक त्याच कुळातला. लोखंडी फाळावरचा गंज म्हणजे गोथाइट आणि लेपिडोक्रोसाइट यांची सरमिसळ. या दोघांचं सूत्र FeO(OH), फक्त मांडणी वेगळी. मुरमातला पिवळा-तपकिरी 'लिमोनाइट' तर स्वतंत्र खनिज मानलाच जात नाही. ते मिश्रणाचं चालू नाव आहे.

बर्नालाइटची मांडणी या सगळ्यांहून निराळी. लोखंडाच्या प्रत्येक अणूभोवती सहा हायड्रॉक्सिल (सूत्रातले OH), त्यांचा मिळून एक अष्टफलक, म्हणजे आठ बाजूंची आकृती. हे अष्टफलक फक्त टोकाला टोक लावून जोडलेले असतात, म्हणून मध्ये मोठ्या पोकळ्या राहतात. पेरोव्हस्काइट नावाच्या खनिजाची जाळीही अशीच असते, पण तिच्या पोकळीत कॅल्शियमसारखा मोठा अणू बसलेला असतो. बर्नालाइटची पोकळी रिकामी, आणि सांगाडा हायड्रोजन बंधांनी सावरलेला. म्हणूनच खनिजशास्त्रात त्याची नोंद गंजाच्या कुळात न करता पेरोव्हस्काइटच्या महागटात करतात. गॅलियमचं सोहंगेआइट आणि इंडियमचं झालिंडाइट ही त्याची जवळची भावंडं. गोथाइटमध्ये अष्टफलक कडेला कड लावून दाटीने बसतात, त्यामुळे शुद्ध गोथाइटचं विशिष्ट गुरुत्व 4.3 च्या जवळ जातं. बर्नालाइट 3.32 वर थांबतं ते या पोकळ्यांमुळे. मेसेज ज्याला 'शुद्ध आणि जड' म्हणतो, ते गोथाइटपेक्षा हलकं आहे. लोखंडही त्यात कमीच: बर्नालाइटमध्ये 52 टक्के, गोथाइटमध्ये 63, हेमाटाइट या लोहखनिजात 70.

"चुंबक ओढला तर खरा." आपल्याकडच्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकी खनिजाचे बारीक कण असतात. मोटारीच्या स्पीकरमधला जोरदार चुंबक दोऱ्याला टांगला तर तो साध्या दगडाकडेही वळतो. ओढ दिसली याचा अर्थ दगडात मॅग्नेटाइट असण्याची शक्यता मोठी, एवढाच. या चाचणीवरून बर्नालाइट ओळखता येत नाही.

"चुलीत लाल झाला तर शंभर टक्के." पिवळी माती भाजली की गेरूसारखी लाल होते, हे विटा भाजणाऱ्या माणसाला सांगायला नको. गोथाइट 250 ते 300 अंशांच्या आसपास पाणी सोडतं, वजनाच्या सुमारे 10 टक्के, आणि त्याचं हेमाटाइट होतं. लोखंड असलेली जवळपास कोणतीही पिवळी-तपकिरी माती हेच करते. शिवाय ही चाचणी धोक्याची आहे. नाल्यातून आणलेला ओला दगड चुलीत तडकतो आणि कपच्या थेट डोळ्यांकडे उडतात. दगडात गंधकयुक्त खनिज असेल तर घसा जाळणारा सल्फर डायऑक्साइड निघतो. घरात हे करूच नका.

"गडचिरोलीत लोखंड, म्हणून इथे सापडतं." सुरजागडचं लोखंड पट्टेदार लोहखडकांतलं हेमाटाइट. ते झिजलं की गोथाइट आणि लिमोनाइट होतं, बर्नालाइट नाही. ब्रोकन हिल ही शिसं, जस्त आणि चांदीची खाण. बर्नालाइट मिळालं ते तिच्या वरच्या, हवापाण्याने बदललेल्या थरात, गोथाइट आणि कोरोनाडाइट या शिसं-मँगनीजच्या ऑक्साइडवर. लोखंड जगभर आहे, तरी हे खनिज दुर्मीळ का, याचं उत्तर त्या बंदिस्त, खास परिस्थितीत आहे.

मग वावरातला हिरवा दगड कोणता? यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा हा बहुतेक बेसॉल्टचा मुलूख. तिथे दगडाच्या पोकळ्यांत बसलेला हिरवा मऊ लेप बहुधा सेलॅडोनाइट. नखाने खरवडतो, बोटाला साबणासारखा लागतो. भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या खडकांत हिरवा अभ्रकी दगड मिळतो, पत्र्यासारखे पापुद्रे सुटतात. काचेला ओरखडा काढणारा पिस्ता रंगाचा दगड एपिडोट असू शकतो. त्याचं गुरुत्व 3.3 ते 3.5, म्हणजे नुसत्या वजनावर गेलात तर बर्नालाइट म्हणून फसाल. काठिण्य मात्र 6 च्या वर, आणि कस पांढुरका.

सर्वांत फसवा आहे मॅलाकाइट, तांब्याचं हिरवं कार्बोनेट. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांब्याचा साठा आहे, त्यामुळे हा विचार आधी करावा. काठिण्य 3.5 ते 4, कस फिका हिरवा, दोन्ही बर्नालाइटच्या अगदी शेजारचे. फरक असा काढा: दगडाची चिमूटभर पूड काचेच्या वाटीत घ्या, चमचाभर व्हिनेगर घाला. बारीक बुडबुडे आले तर कार्बोनेट आहे. पण दगडात चुनखडीची शीर असेल तरी बुडबुडे येतात, म्हणून इथे थांबू नका. पूड रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पॉलिशपेपरने घासून चकचकीत केलेला साधा लोखंडी खिळा त्यात तासभर उभा करा. बुडालेल्या भागावर तांबूस थर चढला तर तांबं आहे. जस्ताचा मुलामा असलेला पांढरा खिळा वापरला तर काळा थर येतो आणि काहीच कळत नाही.

कस पाहायला टाइलची गुळगुळीत बाजू चालत नाही. चिनीमातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची पांढरी कड घ्या आणि दगडाचा ताजा फुटलेला कोपरा तिच्यावर घासा. वरची माती घासली तर मातीचाच कस दिसेल. काठिण्याला नख 2.5, मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार 3, चाकूचं पातं साधारण 5.5. नाणं वापरू नका, आताची बरीच नाणी पोलादी असतात.

विशिष्ट गुरुत्वासाठी किराणा दुकानातला डिजिटल काटा पुरतो. दगड कोरडा तोला, समजा 84 ग्रॅम. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. काटा 28 दाखवतो, तर 84 भागिले 28, म्हणजे 3. दगड बुडाला टेकला की आकडा वाढतो आणि गुरुत्व खोटं कमी येतं. सच्छिद्र दगडात अडकलेली हवाही तेच करते, म्हणून आधी तो पाण्यात भिजवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. काटा एक ग्रॅमपेक्षा बारीक फरक दाखवत नसेल तर त्यावर पाच ग्रॅमचा खडा तोलून आलेला आकडा सोडून द्या.

हिरवट काळा, काचेसारखा, बुडबुड्यांची भोकं असलेला जड तुकडा सापडला तर तो लोखंड गाळल्यावर उरलेली मळी असू शकतो. नागपूर जिल्ह्यात नैकुंडच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. अशा मळीची खरी किंमत ती जिथे पडली त्या जागेत आहे. उचलून विकू नका, जागा पुरातत्त्व विभागाला कळवा.

"किलोला लाखो रुपये." बर्नालाइटचे वर्णन झालेले स्फटिक कडेला फार तर 3 मिलिमीटर. तेवढ्या कडेचा अख्खा अष्टफलक धरला तरी घनफळ 12.7 घनमिलिमीटर, वजन 42 मिलिग्रॅम. एका किलोला असे साडेतेवीस हजारांहून जास्त स्फटिक लागतील. ज्या खनिजाचे कण भिंगाखाली पाहावे लागतात, त्याला किलोचा भाव असूच शकत नाही.

मेसेजवाल्यांचा माणूस गावात पिस्तुलासारखं यंत्र घेऊन येतो, दगडाला टेकवतो आणि "लोखंड 52 टक्के, म्हणजे बर्नालाइट" असं सांगतो. ते क्ष-किरण प्रतिदीप्तीचं यंत्र ऑक्सिजन आणि हायड्रोजन पाहूच शकत नाही. वाळू मिसळलेलं गोथाइटही 52 दाखवेल. निर्णय देते क्ष-किरण विवर्तन चाचणी, कारण ती मांडणी मोजते. त्या चाचणीच्या आलेखात बर्नालाइटची सर्वांत ठळक रेषा 3.78 अँगस्ट्रॉमजवळ (अणूंच्या थरांमधलं अंतर मोजायचं एकक) येते, गोथाइटची 4.18 जवळ. चाचणीला ग्रॅमभर पूड पुरते. अख्खा दगड दळायला देऊ नका, अर्धा तुकडा जागेचं नाव, गट क्रमांक आणि तारीख लिहून स्वतःजवळ ठेवा. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय नागपुरातच आहे. चौकशी तिथे करा, आणि फोनवर आगाऊ फी मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.