‘कुंकू’ला लाल रंग कशाला?

गेला आठवडाभर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. कोथरूडच्या भाच्याने लिहिलं, ‘मामा, सिनेमाचं नाव ‘कुंकू’ आणि कपाळावरचं कुंकू काळं दिसतं! एआयने रंगवून टाका सगळे जुने सिनेमे, मग बघू आम्ही.’ त्यावर बारा अंगठे. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचाही.

काळं दिसतं म्हणे. मला ते कधीच काळं दिसलेलं नाही. ज्याने आईच्या कपाळावर रोज सकाळी कुंकू पाहिलंय, त्याला ते लालच दिसतं.

1937चा तो सिनेमा. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. त्या घरात आणि रस्त्यावर जे वाजेल तेवढंच आपल्याला ऐकू येतं. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली शांता आपटेंची नीरा गप्प उभी राहते आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहतं. वकील झालेले केशवराव दाते तर असे, की राग यावा त्याच माणसाची कणव येते. यात नेमकं कमी काय आहे? ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहनचा डोळा पडदाभर होतो, तेव्हा मी आजही खुर्चीत मागे सरकतो. त्या घाऱ्या डोळ्याला कॉम्प्युटर कोणता रंग देणार?

बहीण म्हणाली, ‘2004 मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगीत करून लावलाच की.’ अगं, पण त्याचा काही भाग दिग्दर्शक के. आसिफनी स्वतःच रंगीत घेतला होता. ‘प्रभात’ कंपनीचे ‘कुंकू’ आणि ‘अमृतमंथन’ काळ्या-पांढऱ्याचाच विचार करून केलेले.

इथे बर्लिनमध्ये शनिवारी मध्यरात्री बाबिलोन थिएटरला मूकपट लागतो. यू-टू मेट्रोमधून उतरलेली विशीतली पोरं बिअरच्या बाटल्या कचरापेटीशेजारी नीट उभ्या करून आत शिरतात आणि ऑर्गन सुरू झाला की चिडीचूप होतात. रंग मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. हे थिएटर 1929चं. कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ सुरू झाली तीही 1929 मध्येच. आमच्याकडे अशा गोष्टी जपतात, असं मी ग्रुपवर लिहिलं. ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, असं भाच्याने विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच थिएटरात शेजारच्या खुर्चीतल्या आजींना मी पुण्याबद्दल सांगत होतो. 1933 मध्ये ‘प्रभात’ पुण्यात आली, तिच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय फिल्म संग्रहालय त्याच लॉ कॉलेज रोडवर, आणि ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसला गाजला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुम्ही हे सिनेमे तिथेच पाहिलेत ना?’

एरंडवण्यात आमचं घर. संग्रहालय सायकलवर दहा मिनिटं. मी चोवीस वर्षं त्यावरून गेलो आणि एकदाही आत गेलो नाही. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजला ‘तुकाराम’ पुन्हा लागला होता, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, ‘येतोस का?’ मी म्हटलं, ‘नको, तुम्ही जाऊन या.’ ते एकटे गेले. परत आल्यावर बराच वेळ तुकाराम झालेल्या पागनीसांचा अभंग गुणगुणत होते, आणि मी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो इथे, लॅपटॉपवर. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.